१९५२ चं टॉप्स की १९८९ चं अपर डेक?

न्यू जर्सीतला भाचा बेसबॉल कार्डं (खेळाडूंची चित्रं छापलेली) जमवतोय, टॉप्स आणि अपर डेक या कंपन्यांच्या या दोन सेटमधलं कुठलं घेऊ विचारतोय. पैशाचं म्हणशील तर टॉप्समधल्या साध्या खेळाडूंनाही बऱ्यापैकी पैसे पडतात, आणि मिकी मँटल या दिग्गज खेळाडूचं ३११ नंबरचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, तो विषयच सोड. अपर डेक ढिगाने छापलंय, केन ग्रिफी ज्युनियरचं १ नंबरचं कार्ड सोडलं तर बाकीचं स्वस्तात मिळतं. कागद चांगला, मागे होलोग्राम. टॉप्सचे कोपरे बहुतेक झिजलेले असतात, शिवाय साइज मोठी, आजचे नेहमीचे स्लीव्ह (कार्ड ठेवायची प्लास्टिकची पाकिटं) बसत नाहीत. पण रंग काय सुंदर आहेत रे त्याचे! अख्खा सेट लावायचा असेल तर अपर डेक घे, एकच कार्ड आयुष्यभर जपायचं असेल तर टॉप्समधला एखादा कमी नावाजलेला खेळाडू बघ, कोपरे झिजलेले असले तरी चालेल.