व्हॉट्सॲप कम्युनिटी वापरून दीड वर्ष झालं, इंदूरच्या मराठी ग्रुपचा अनुभव

आमचा आधी साधाच ग्रुप होता, इंदूरच्या मराठी लोकांचा, आणि खरं सांगू तर तो कधीच मेलेला होता. सकाळी सहापासून गुलाबाची फुलं आणि सुप्रभात, त्याखाली कोणीतरी बिचारी विचारतेय की उकडीचे मोदक ऑर्डरवर कोण करून देतं, आणि तिला उत्तर नाही ते नाहीच. मध्ये एकाच्या नादी लागून पैसे भरून एक वेगळं ॲप घेतलं (नाव नाही घेत), आमच्या काकू मंडळींचं गाडं ओटीपीवरच अडलं, पैसे पाण्यात.

मग हे कम्युनिटीवालं केलं. नोव्हेंबर २०२२ ला आलं होतं ते, आम्ही नेहमीप्रमाणे उशिरा जागे झालो. यात एका छताखाली वेगवेगळे ग्रुप ठेवता येतात आणि वर एक सूचनांचा ग्रुप, तिथे फक्त ॲडमिन लिहितो. आम्ही खाणं, नाटक-गाणं, भाड्याची घरं आणि नुसत्या गप्पा असे चार केले. फुलं सगळी गप्पांमध्ये, ज्याला नको त्याने म्यूट करा ना, कोणी रागवत नाही. सूचनांच्या ग्रुपमध्ये मेंबरांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, त्यामुळे नव्याने आलेल्या मुली बिनधास्त जॉईन होतात, हे मला सगळ्यात आवडलं.

पण भिया (इंदुरी 'भाऊ'), नुसत्या फीचरने माणसं टिकत नाहीत हो. सुदामा नगरचा एक मुलगा, जन्म इथलाच, शाळा हिंदीत, त्याने पहिल्यांदा हिंमत करून लिहिलं, "आमच्याकडे लाईट चालली गेली, तुमच्याकडे आहे का?" झालं, पाच मिनिटांत तीन जण त्याची मराठी सुधारायला हजर, "चालली गेली नाही, गेली म्हणायचं", वर एकाने व्याकरणाचा फोटो टाकला. लाईट कोणाकडे आहे ते कोणीच सांगितलं नाही!! तो पोरगा तीन महिने गप्प. अहो १८१८ मध्ये होळकरांची राजधानी महेश्वरहून इथे आली, तेव्हापासून ही घरं इथे आहेत, भाषेत हिंदी शिरणारच की, आणि पुण्याहून कोणी नवीन आलं की आधी आपल्यालाच हसतं ते वेगळं.

तेव्हा ग्रुपच्या माहितीत एकच ओळ घातली: मराठी सुधारायची असेल तर आपली सुधारा, दुसऱ्याची नाही. ज्याने ऐकलं नाही त्याचा मेसेज ॲडमिन म्हणून मी सगळ्यांसाठी डिलीट केला. दोन जण रागावून निघून गेले, ग्रुप कोणी सोडला की नोटिफिकेशन फक्त ॲडमिनला जातं म्हणून बरं, तमाशा झाला नाही.

दुसरं म्हणजे रामबागेतल्या एक मावशी. नवीन माणूस आला की त्या "सुस्वागतम्"चं चित्र नाही टाकत, विचारतात, "कुठे राहता, पोहे खाल्ले का इथले?" सांगलीहून विजय नगरला नोकरीला आलेल्या मुलीने लिहिलं की पोह्यांवर शेव आणि जिरावन (इथला मसाला) बघून धक्काच बसला, मग काय, त्या दिवशी एकशेदहा मेसेज, गाडीवरचे पोहे वाफेवर कसे ठेवतात इथपासून सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा (मक्याचा) कीस खायला जायचं ठरण्यापर्यंत. नऊ जण गेले, तो सुदामा नगरवाला पण. आता ती मुलगी रोज असते ग्रुपवर. परवा लिहिलं तिने, "विजय नगरला लाईट चालली गेली", आणि त्या पोराने सगळ्यात आधी उत्तर दिलं, "आमच्याकडे आहे, चार्जिंगला या."

माझ्याकडून ४ स्टार. पाचवा आमच्याच लोकांमुळे कापलाय, फुलं अजून कधीकधी घरांच्या ग्रुपमध्ये येतातच.