औषध की मिठाचे पाणी : इंदूरच्या एका हृदयसंशोधन विभागातील दोन वर्षे

एका नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी म्हणून गेल्या दोन वर्षांत मी इंदूरमधील एका खासगी रुग्णालयाच्या हृदयरोग संशोधन विभागात दहा वेळा जाऊन आले. दंडात टोचलेल्या सुईत औषध होते की नुसते मिठाचे पाणी, हे मला अजूनही ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसणे हाच या सेवेचा पाया असल्यामुळे तिचे परीक्षण लिहिणे थोडे विचित्रच आहे. मिक्सरचे किंवा हॉटेलचे परीक्षण लिहिताना आपण गिऱ्हाईक असतो. येथे मात्र रक्त आणि वेळ मी देते आणि हिशेबाची वही त्यांच्याकडे असते. तरीही लिहायला घेतले, कारण लोकमान्य नगरातील ओळखीच्या तीन-चार जणांनी वर्षभरात "आम्हालाही अशा चाचणीसाठी विचारले आहे, जावे का?" असे विचारले आणि प्रत्येकाला तेच सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. अभ्यास अजून चालू आहे, म्हणून रुग्णालयाचे आणि औषधाचे नाव लिहीत नाही.

मला २०२१ मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला आणि एक स्टेंट बसवला गेला. माझा धाकटा भाऊ ४९व्या वर्षी याच आजाराने गेला होता. आमच्या घरात तंबाखू कोणी खात नाही, दोघांनाही मधुमेह नव्हता, नेहमीचे कोलेस्टेरॉलही फार वाढलेले नव्हते. तेव्हा माझ्या डॉक्टरांनी लिपोप्रोटीन (ए) नावाची तपासणी करायला सांगितली आणि आकडा आला २१२ नॅनोमोल प्रतिलिटर. १२५च्या वरचा आकडा जास्त मानतात. रक्तातील हा चरबीयुक्त कण नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधला. त्याचे प्रमाण मुख्यतः जन्मतःच ठरते; तूप सोडून किंवा रोज पाच किलोमीटर चालून ते फारसे हलत नाही. हाती उपाय नसल्यामुळे कित्येक वर्षे डॉक्टर ही तपासणी सहसा लिहूनच देत नसत. भारतीय उपखंडातील माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा लवकर येतो, सरासरी ५३व्या वर्षी, तर इतरत्र ५९च्या आसपास, असे ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातून दिसले होते. त्यामागे तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर हीच नेहमीची कारणे प्रामुख्याने सापडली. पण आमच्या घरासारख्या घरांत या यादीतले काहीच लागू पडत नाही, आणि तेथे हा आकडा पाहावा लागतो.

चाचणीतील औषध याच कणावर काम करते. यकृत हा कण तयार करण्यासाठी जे एक विशिष्ट प्रथिन बनवते, त्याची आज्ञा पेशीत एका चिठ्ठीसारखी फिरत असते. औषधातील आरएनए नावाचा छोटासा रेणू ती चिठ्ठीच नष्ट करतो आणि मग माल तयार होत नाही. अशा औषधांनी रक्तातील आकडा खूप खाली येतो, हे आधीच्या लहान चाचण्यांत दिसले आहे. आकडा खाली आल्यामुळे झटके कमी होतात का, हा प्रश्न मात्र उरतो, आणि त्यासाठी हजारो माणसे व काही वर्षे लागतात.

आता सेवेविषयी. पहिली भेट सव्वा तासाची झाली आणि त्यात एकदाही सुई निघाली नाही. मी ३२ वर्षे विमा कार्यालयात काढली आहेत; बारीक अक्षरांतील अटी वाचणे हा माझा व्यवसायच होता आणि त्या न वाचता सही करणारी माणसे मी रोज पाहिली आहेत. त्यामुळे २४ पानांचे संमतीपत्र हातात पडल्यावर मी ते घरी नेण्याची परवानगी मागितली. संशोधन समन्वयक असलेल्या मुलीने क्षणभरही कुरकुर न करता, "आंटी, आठ दिन रखिए, अंकलजी को भी पढ़ाइए," असे म्हणून प्रत दिली. येथेच माझा अर्धा निर्णय झाला. आमच्या कार्यालयात ग्राहकाने पॉलिसी घरी नेऊन वाचतो म्हटले की साहेबांचा चेहरा उतरत असे.

संमतीपत्राच्या भाषेविषयी मात्र तक्रार करायलाच हवी. ते हिंदीत होते आणि इंदूरला जन्म काढलेल्या मराठी माणसाला हिंदीची अडचण नसते. परंतु हे हिंदी कोणत्याही गल्लीत बोलले जात नाही. नकली औषधाला त्यात 'कूटभेषज' म्हटले होते. माझ्या यजमानांनी तो शब्द तीनदा वाचला आणि हे आयुर्वेदिक असावे, असा निष्कर्ष काढला. दुसऱ्या भेटीत राजेंद्र नगरात वाढलेल्या एका तरुण डॉक्टरांनी मराठीत समजावले तेव्हा सगळे दोन वाक्यांत उलगडले : निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना मिठाचे पाणी, कोणाला काय हे संगणक ठरवणार, आणि ते तुम्हालाही कळणार नाही, आम्हालाही नाही. असे संमतीपत्र सहभागी माणसाला समजणाऱ्या भाषेत असावे, असा नियमच आहे. 'समजणारी भाषा' याचा अर्थ केवळ लिपी ओळखीची असणे असा होत नाही, हे भाषांतर करणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवे.

घरी विरोध झाला. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "अहो वहिनी, पैसे देऊन उपचार घ्यावेत, फुकटात उंदीर कशाला व्हायचे?" इंदूरमध्ये हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. याच शहरातील औषध चाचण्यांबद्दल दीड दशकापूर्वी गंभीर आरोप झाले होते, संमती कशी घेतली यावर वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने येत होते, आणि इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यानंतर नियम बरेच कडक झाले. २०१९ मध्ये औषध चाचण्यांचे नवे नियम आले, त्यांत चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांच्या तरतुदी आहेत. मी जाऊबाईंना एवढेच सांगितले की ज्या शहराने एकदा हात पोळून घेतले आहेत, तेथे कागदपत्रे जास्त नीट असण्याची शक्यता आहे. अर्थात शक्यतेवर विसंबून न राहता मी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागून घेतला आणि मुलाकडून क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर तपासून घेतला. तो तेथे सापडला. ही नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे. जेथे क्रमांक देण्यास टाळाटाळ होईल तेथून चप्पल घालून बाहेर पडावे.

मुख्य डॉक्टरांना मी थेट विचारले की औषध आकडा खाली आणते हे ठाऊक असताना निम्म्या लोकांना मिठाचे पाणी देणे हा अन्याय नाही का. त्यांनी घड्याळाकडे न पाहता उत्तर दिले, आणि या विभागातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे. त्यांनी टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाची हकीकत सांगितली. ते औषध 'चांगले' म्हणवले जाणारे कोलेस्टेरॉल ७० टक्क्यांहून अधिक वाढवत असे. कागदावर याहून सुंदर आकडा मिळणार नाही. पण सुमारे १५,००० लोकांवरील चाचणीत औषध घेणाऱ्या गटातच जास्त मृत्यू झाल्याचे दिसले आणि डिसेंबर २००६ मध्ये ती थांबवावी लागली. मिठाच्या पाण्याचा, किंवा त्या वेळी नकली गोळीचा, गट नसता तर हे कळलेच नसते. लोक ते औषध आनंदाने घेत राहिले असते. शिवाय दोन्ही गटांना कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, अॅस्पिरिन वगैरे नेहमीचे उपचार चालूच राहतात, कोणालाही उघड्यावर टाकलेले नसते, हे त्यांनी पुन्हा एकदा स्पष्ट केले.

माणसे एवढी जास्त का लागतात, याचे त्यांनी दिलेले उदाहरण तर मी तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात सांगते. झटका आल्यावर अॅस्पिरिन दिल्याने मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, हे १९८८च्या इसिस-२ या चाचणीने १७,१८७ रुग्णांवर सिद्ध केले. मग निरनिराळ्या उपगटांचे आकडे वेगळे काढून दाखवण्याचा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी मुद्दाम राशींप्रमाणेही गट पाडून दाखवले. आणि मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांना अॅस्पिरिनचा उपयोग होत नाही, असे निघाले! लहान गटांच्या आकड्यांवर विश्वास ठेवला की असे होते. आमच्या यजमानांची रास मिथुन आहे. ती तिकडच्या जन्मतारखेच्या हिशेबाने नसून आपल्या पत्रिकेप्रमाणे आहे हे मी समजावले, तरी त्यांनी दोन दिवस अॅस्पिरिनच्या गोळीकडे संशयाने पाहिले.

प्रत्यक्ष भेटींचे वर्णन थोडक्यात आटोपते. बारा आठवड्यांतून एकदा सकाळी साडेसातला उपाशीपोटी जायचे. वजन, रक्तदाब, ईसीजी, रक्ताच्या सहा-सात नळ्या, मागील भेटीनंतर काय काय झाले याची चौकशी, मग सुई आणि अर्धा तास बसून राहणे. रक्त घेणाऱ्या सिस्टरांचा हात हलका आहे. खुर्च्या स्वच्छ आहेत. शेवटी नाश्त्याचे कूपन मिळते, आणि खाली उपाहारगृहात त्या कूपनावर पोहे मिळतात. इंदूरच्या शिरस्त्याप्रमाणे वर जिरावन मसाला आणि मूठभर शेव, सोबत जिलेबीचे वेटोळे. हृदयरोगाच्या संशोधनात भाग घेतलेल्या माणसाला हृदयरोगाच्या इमारतीतच हे वाढले जाते, याबद्दल मी लेखी सूचना दिली आहे. पोहे चांगले असतात, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

या विभागाची खरी परीक्षा गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात झाली. मला डेंग्यू होऊन चार दिवस दुसऱ्या रुग्णालयात राहावे लागले. याचा चाचणीशी काय संबंध, असे समजून आम्ही कळवले नव्हते. दुसऱ्या दिवशी विभागातून सहज फोन आला तेव्हा मुलाने सांगितले, आणि पलीकडे एकदम धावपळ उडाली. चाचणीतील माणूस कोणत्याही कारणाने रुग्णालयात दाखल झाला तरी ती गंभीर घटना धरतात आणि २४ तासांत नैतिकता समितीला (चाचणीतील माणसांचे हित जपले जाते ना, हे पाहणारी समिती), औषध कंपनीला आणि औषधांच्या केंद्रीय नियामकाला तिची खबर द्यावी लागते. ती मुलगी त्याच संध्याकाळी माझे कागद गोळा करायला आली, सोबत तरुण डॉक्टर होते, आणि प्लेटलेटचा आकडा त्यांनी नियमापुरता न विचारता रोज विचारला. नातेवाइकांपेक्षा त्यांचे फोन जास्त आले. यात नियमाचा धाक किती आणि माया किती, हे मला सांगता येणार नाही. आजारी माणसाला दोन्ही सारखेच उपयोगी पडतात.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. प्रवासखर्चाचे ८०० रुपये प्रत्येक भेटीला ठरले होते. तीन भेटींचे पैसे पाच महिने अडकले आणि दर वेळी 'कंपनीकडून आले नाहीत' हेच उत्तर मिळाले. मला रिक्षाचे भाडे परवडते. देपालपूरहून बस बदलत येणाऱ्या, माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईंना ते परवडत नव्हते, आणि त्या एक भेट चुकवून बसल्या. दुसरे म्हणजे, संमतीपत्रावर नैतिकता समितीच्या सचिवांचा जो दूरध्वनी क्रमांक छापला आहे, तो मी कुतूहलाने लावून पाहिला. दोन दिवस कोणी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी ज्यांनी उचलला त्यांना ही समिती काय असते हेच ठाऊक नव्हते. साहेब जेवायला गेले आहेत, असे त्यांनी सांगितले. ज्याच्याकडे डॉक्टरांविरुद्ध तक्रार न्यायची, तोच क्रमांक असा निर्जीव असेल तर बाकीच्या २३ पानांची किंमत बरीच खाली येते. विभागाने चूक मान्य केली आणि आता तेथे भ्रमणध्वनी क्रमांक दिला आहे. तो मी लावून पाहिला, पहिल्या घंटेला उचलला गेला.

एक अडचण त्यांची नसून माझी आहे. चाचणी चालू असताना लिपोप्रोटीन (ए)चा माझा आकडा मलाही सांगत नाहीत आणि डॉक्टरांनाही दिसत नाही, कारण तो दिसला तर कोणाला औषध मिळते हे लगेच कळेल. बाहेरच्या प्रयोगशाळेत तो परस्पर तपासू नये, अशी विनंती केलेली असते. मागच्या डिसेंबरमध्ये मी राजवाड्याजवळच्या एका प्रयोगशाळेच्या पायरीपर्यंत जाऊन परत आले आहे. विम्याच्या नोकरीत बंद पाकिटे खूप पाहिली, पण स्वतःच्या रक्ताचे पाकीट बंद ठेवणे याहून अवघड आहे, हे येथे येऊ पाहणाऱ्याने आधीच ओळखून असावे.

पाचपैकी मी या विभागाला चार गुण देते; पाचवा प्रवासखर्चाने आणि त्या दूरध्वनीने घालवला. ज्यांना झटका येऊन गेला आहे, उपचार स्थिर आहेत, दर तीन महिन्यांनी एक सकाळ मोकळी काढता येते आणि घरात सोबत येणारे कोणी आहे, त्यांनी विचारणा झाल्यास जाऊन ऐकून घ्यावे. आपण औषधाच्याच गटात असू, अशी आशा धरून कोणी जाऊ नये. ज्यांचा आजार अजून वरखाली होत आहे, त्यांनी आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलावे, आणि तेच डॉक्टर चाचणीचेही प्रमुख असतील तर दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांचे मत घ्यावे. संमतीपत्र घरी आणावे, नोंदणी क्रमांक तपासावा, समितीचा फोन लावून पाहावा; मधेच सोडता येते का, आणि सोडल्यावर नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही ना, हे दोन प्रश्न सही करण्यापूर्वी तोंडी विचारून उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहावा. माझी अकरावी भेट पुढच्या महिन्यात आहे. चाचणी संपल्यावर एकूण निकाल आणि माझा स्वतःचा गट मला लेखी कळवाल का, असे मी मागील वेळी विचारले होते. "कंपनी को पूछकर बताती हूँ, आंटी," असे उत्तर मिळाले. ते पत्र आले की याच परीक्षणाखाली त्याची नोंद करीन.