डोळ्यांखालचं फिलर: ११ महिन्यांनंतर

आठ तास झोपून उठले तरी कुणीतरी विचारायचंच, "बरं नाहीये का गं?" डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून गालाकडे तिरकी उतरणारी खोलगट रेघ आहे मला. तिच्यात सावली पडते आणि चेहरा आजारी दिसतो. आईलाही तशीच आहे, म्हणजे दोष झोपेचा नव्हता. क्रीमवर घातलेले पैसे गेले ते गेलेच.

११ महिन्यांपूर्वी फिलर घेतलं, म्हणजे खड्डा भरून काढणारं जेलचं इंजेक्शन. मधे स्वतःच्या हावरेपणाने एक घोळ करून घेतला, त्यामुळे हा अनुभव सरळ 'छान आहे, घ्या' असा नाही.

पहिल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी इंजेक्शन दिलंच नाही, नुसतं बघितलं. मला ताठ बसवलं, वरचा दिवा लावला, हातात आरसा दिला. मग मोबाईलचा टॉर्च समोरून थेट डोळ्यांखाली धरला. काळेपणा बराचसा गायब! उजेडात जाते ती सावली, म्हणजे खड्डा. जे उरलं तो त्वचेचा रंग, आणि पातळ कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांची जांभळट छटा. इथली कातडी अर्धा मिलिमीटरच्या आसपास असते, आतलं सगळंच डोकावतं. "खड्डा भरेल, रंग जाणार नाही," त्या म्हणाल्या. काळी वर्तुळं म्हणून आपण ज्याला नाव ठेवतो त्यात दोन-तीन वेगळ्या भानगडी असतात, हे मला तेव्हा कळलं.

मग विचारलं, "सकाळी डोळे सुजतात का?" मी म्हटलं, कधी कधी. त्यांनी ते लिहून घेतलं. या फिलरमधलं हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे मुळातच सूज येणाऱ्या किंवा चरबीच्या पिशव्या पुढे आलेल्या डोळ्यांखाली ते घातलं की आणखी फुगायची भीती. म्हणून माझ्यासाठी त्यांनी एका बाजूला ०.३ मिलीच ठरवलं. तो 'कधी कधी' पुढे महागात पडला.

माझा पहिला प्रश्न होता, काही बिघडलं तर? त्यांनी कपाट उघडून हायलुरोनिडेजच्या कुप्या दाखवल्या. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळवणारं हे एन्झाइम. कॅल्शियमवाली किंवा कायमस्वरूपी फिलर्स यानं विरघळत नाहीत, म्हणून डोळ्यांखाली ती नकोच. मधमाशी चावून कधी अ‍ॅलर्जी झाली होती का, असंही विचारलं. मला हसू आलं, पण मधमाशीच्या विषातही याच जातीचं एन्झाइम असतं.

आंधळेपणाची गोष्ट त्यांनी आपणहून काढली. चेहऱ्याच्या या भागातल्या धमन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून धमनीत शिरलं आणि दाबामुळे उलटं सरकलं, तर डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो. फार क्वचित घडतं, पण घडलं तर दृष्टी परत येईलच असं नाही, आणि हातात तासाभराचा वेळ असतो फार तर. त्वचेला रक्त पुरवणारी धमनीच तेवढी अडली तर वाजवीपेक्षा जास्त दुखणं, कातडी पांढरी पडणं, जाळीदार जांभळे डाग ही लक्षणं. दिसायला जरा जरी अंधुक झालं तर फोन करत बसायचं नाही, थेट इमर्जन्सीत. हे सांगायला लाजणारा डॉक्टर असेल तर खुर्चीतून उठावं, असं माझं स्पष्ट मत आहे. डोळ्यांखालच्या खड्ड्यासाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) पहिल्या फिलरला मान्यता दिली तीच मुळी २०२२ मध्ये. म्हणजे ही जागा कधीच सोपी मानली गेलेली नाही.

खुणा मला बसवूनच केल्या, कारण आडवं झालं की खड्ड्याचा आकारच बदलतो. गालावर एक टोच, त्यातून बोथट टोकाची कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, आत. दुखलं नाही, पण हाडाला लागून ती सरकताना कानात कुरकुर ऐकू आली. ती अजून आठवते. दर थेंबानंतर त्या बोटाने गाल दाबायच्या, बोट उचलायच्या आणि गुलाबी रंग किती पटकन परत येतो, म्हणजे रक्तपुरवठा चालू आहे ना, ते बघायच्या. जाताना सिरिंजच्या खोक्यावरचं लॉट नंबरचं स्टिकर माझ्या कागदावर चिकटवून दिलं.

दोन दिवस सूज, आठवडाभर एक हिरवट-पिवळा डाग. आदल्या आठवड्यात माशाच्या तेलाच्या गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या होत्या, रक्तस्राव वाढू नये म्हणून. (रक्त पातळ करायचं औषध डॉक्टरांनी दिलेलं असेल तर ते मात्र आपल्या मनाने थांबवायचं नाही.) खरा परिणाम दोन आठवड्यांनी दिसला: सावली निम्म्याहून जास्त कमी. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "सुट्टीवर होतीस का?" मला एवढंच हवं होतं.

इथे थांबायला हवं होतं. पाचव्या महिन्यात मला वाटायला लागलं की असर उतरतोय. डॉक्टर म्हणाल्या, "जागेवरच आहे, तुम्हाला नव्या चेहऱ्याची सवय झालीय." फिलर सहा ते बारा महिने टिकतं असं आपण ऐकतो, पण डोळ्यांखाली ते वर्षानुवर्षं राहिलेलं एमआरआयमध्ये दिसलेलं आहे. मला पटलं नाही. दुसरीकडे गेले.

तिथे पाच मिनिटांत आडवं करून, सुईने, दोन्ही बाजूंना. सुजेबद्दल विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. आठवड्याभरात डोळ्यांखाली निळसर पट्टा दिसायला लागला. कन्सीलर लावला की राखाडी दिसायचा. जेल फार वर, पातळ कातडीच्या लगेच खाली राहिलं की त्यात प्रकाश विखुरतो आणि निळं दिसतं, त्याला टिंडल इफेक्ट म्हणतात. शिवाय रोज सकाळी दोन छोट्या उश्या. तिथे फोन केला तर उत्तर आलं, "मसाज करा, बसेल." बसलं नाही.

शेवटी मान खाली घालून पहिल्या डॉक्टरांकडे. बोलल्या काहीच नाहीत, टॉर्च काढला. थोडंथोडं हायलुरोनिडेज, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. इंजेक्शन फिलरपेक्षा जास्त झोंबलं आणि संध्याकाळपर्यंत डोळे भप्प सुजले. दुसऱ्या दिवशी सकाळी उश्या गेलेल्या, निळा पट्टाही फिका. पण एन्झाइमला आधीचं-नंतरचं कळत नाही. चांगलं बसलेलं फिलरही थोडं गेलंच. जिथे सुई चालवतात तिथे निदान शरीररचनेची माहिती असलेला माणूस असतो असं मी मानून चालले होते; सुईविना दाबाने फिलर सोडणारी पेनं घरी वापरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. एफडीएने २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारा दिलाय.

आठव्या महिन्यात फ्लू झाला तेव्हा डावी बाजू चार दिवस फुगली. संसर्गात असं होऊ शकतं हे माहीत होतं म्हणून घाबरले नाही, डॉक्टरांना फोटो पाठवला. आपोआप उतरली.

आज उजवी बाजू छान आहे, डावीकडे थोडी सावली परत आलीय. डॉक्टर म्हणतात, हवं तर थेंबभर घालू. सध्या तरी मी नाही म्हटलंय.