वाघाचे कान: हेअरबँडवर की कुंचीवर?

बेळगावजवळच्या भुतरामहट्टीचं प्राणिसंग्रहालय बघून आलेलं मूल पुढचे आठ दिवस वाघच असतं. त्याला कान हवेत, शेपूट हवी, आणि तीही आजच. शेपटीचं फारसं अडत नाही. खरा प्रश्न कानांचा आहे: तयार हेअरबँडवर शिवायचे की कुंचीवर? मशीन चालवणाऱ्याला दोन्ही जमतं, त्यामुळे टीप कशी मारायची यात शिरत नाही.

हेअरबँडचं काम तासाभरात उरकतं. दोन सेंमी रुंदीचा प्लास्टिकचा बँड, फेल्टचे चार तुकडे आणि आत बकरम, म्हणजे कान ताठ ठेवणारं कडक कापड. वाघाला ८ सेंमी रुंद, ७ सेंमी उंच गोल कान पुरतात. खाली अडीच सेंमी जादा ठेवा, ते बँडखालून वळवून मागच्या अंगाला हातशिलाईने पक्कं करा. बँडवर आधी सुती पट्टी गुंडाळून शिवली, तर कान आडवे सरकत नाहीत. ग्लू गनच्या वाटेला जाऊ नका. डोक्यात घालताना बँड फाकतो, थिजलेला गोंद फाकत नाही, आणि कान गोंदासकट सुटून हातात येतो. बाकी सोय म्हणाल तर भरपूर. एकच बँड थोरल्या-धाकट्या दोघांना चालतो आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात डोकं मोकळं राहतं. हे मान्यच करावं लागेल.

पण वाघ दोन पायांवर चालत नाही ना! मूल चार पायांवर येतं, डोकं खाली घालतं, की कानांचं वजन पुढं झुकतं. बँड आधी कपाळावर येतो, मग नाकावर. एक हात तो सावरण्यात गुंततो, म्हणजे वाघ तीन पायांवर. घट्ट बँड घेतला तर त्याची टोकं कानामागं रुततात आणि मूल थोड्याच वेळात तो काढून फेकतं. मागून इलॅस्टिक लावलं तर निसटणं कमी होतं, पण काढताना केस ओढले जातात, आणि पुढच्या वेळी मूल डोक्याला हात लावू देत नाही. सशाच्या २० सेंमी उंच कानांना तर जरा मान लवली तरी पुरे. वेशभूषा स्पर्धेत पाच मिनिटं सरळ उभं राहायचं असतं, तिथं हे कळत नाही. घरच्या खेळात लगेच कळतं. माझ्यापुरता निकाल इथंच लागला.

कुंची आपल्याकडं नवी नाही. शेजारच्या कन्नड घरात तिलाच कुंचिगे म्हणतात. बाळाची असते तीच, फक्त मापानं मोठी. एका जबड्याखालून डोक्यावरून दुसऱ्या जबड्याखाली टेप फिरवा आणि त्यात ४ सेंमी मिळवा. चार वर्षांच्या मुलाला साधारण ५२ बाय २५ सेंमीचा तुकडा लागतो. जुन्या टी-शर्टचं होजिअरी कापड उत्तम. फ्लॅनेल दिसायला छान, पण खानापूरकडच्या पावसात वाळता वाळत नाही. बेळगावच्या खडेबाजारात कटपीस बघणार असाल तर थोडं ताणणारं कापड मागा.

कान कापड दुमडण्याआधी बसवायचे. ५२ सेंमीच्या बाजूचा मध्य धरा. मध्यापासून दोन्हीकडं ४-४ सेंमी आणि पुढच्या कडेपासून ८ सेंमी आत खूण करा. तिथून खाली, पुढच्या कडेला समांतर, ७ सेंमीची चीर द्या. कानाच्या बुडाला मधोमध अर्ध्या सेंमीची चुणी घाला. ८ चे ७ होतात आणि कानाला वाटीसारखा खोलगटपणा येतो. चुणी विसरलात तर कान पुठ्ठ्यासारखा सपाट दिसतो. बूड चिरेत घालून उलट बाजूनं टीप मारा, आणि दोन्ही टोकांना ती सेंमीभर पुढं नेऊन निमुळती संपवा. टीप एकदम थांबवली तर तिथं सुरकुती पडते आणि पुढं कापड तिथंच फाटतं. बकरम इथंही हवंच, नाहीतर दोन धुण्यांत वाघाचा बोकड होतो. मग तुकडा दुमडून मागची शिवण मारा. वरचं टोक ५ सेंमीची आडवी टीप मारून कापून टाका, आत मलमलचं अस्तर लावा.

हनुवटीखाली नाडी नको. खेळताना ती कुठं अडकली तर गळ्याला फास बसतो. वेल्क्रोची आखूड पट्टी लावा, ओढ बसली की सुटते. तिची काटेरी बाजू कुंचीच्या बाहेरच्या अंगाला आणि मऊ बाजू पट्टीच्या आत. उलट शिवलीत तर हनुवटी खरचटते.

कुंचीचे तोटे आहेतच. तिला अर्धा दिवस जातो, ती एकाच मुलाच्या मापाची होते आणि उन्हाळ्यात दुपारी मूल ती घालणार नाही. उद्या सकाळी शाळेत स्पर्धा असेल तर खुशाल हेअरबँड घ्या. रोजच्या खेळासाठी मात्र, मला विचाराल तर, कुंचीच.

शेपूट दोन्हींसोबत सारखीच. १० सेंमी रुंद, ३५ सेंमी लांब पट्टी घ्या. काळे पट्टे आधी शिवा, नळी नंतर. उलट क्रम केला तर पट्टे हातानंच लावत बसावं लागेल. आत फायबर भरा. चिंध्यांनी शेपूट जड होते आणि कमरेचा पट्टा खाली ओढते. वरचे ४ सेंमी रिकामे सोडा, म्हणजे बसताना टोचत नाही. पट्ट्यालाही ती वेल्क्रोनंच जोडा, कारण मागून येणारं भावंड तिच्यावर हमखास पाय देतं.

आणि एखाद्याला भीमगडच्या जंगलातला गवा व्हायचं असेल, तर तुलनेचा प्रश्नच उरत नाही. भरीव शिंगं हेअरबँडला पेलत नाहीत. ती कुंचीवरच शिवा, कानांच्या वर, आणि बुडाशी आतून बकरमची दुहेरी चकती द्या.