जीजीप्लॉट२: सरासरीच्या रेषा काढायला भारी, पण वॉर्निंग वाचायची सवय हवी

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू अख्ख्या जीजीप्लॉट२ चा, म्हणजे आर या सांख्यिकीच्या प्रोग्रॅममधल्या ग्राफ काढायच्या पॅकेजचा, नाही. त्यात नकाशे होतात, बॉक्सप्लॉट होतात, काय वाट्टेल ते होतं, पण आपल्याकडच्या एमएस्सी-पीएचडीवाल्यांचं घोडं अडतं ते बहुतेक एकाच जागी. तीन-चार ट्रीटमेंट, चार-पाच वेळा घेतलेली रीडिंग्ज, आणि गाइडना पाहिजे प्रत्येक ग्रुपच्या सरासरीची रेषा, एरर बारसकट (सरासरीच्या वरखाली किती फरक संभवतो ते दाखवणारी उभी दांडी), उद्या सकाळपर्यंत. तेवढ्यापुरतंच बोलतो.

पैशाचं म्हणाल तर शून्य. आर फुकट, हे पॅकेजही फुकट, हॅडली विकहॅमने 2007 मध्ये आणलं आणि अजून नियमित अपडेट येतात. कोडच्या एकदोन ओळीत ग्रुपच्या सरासऱ्या काढून रेषा मारून मिळते, वेगळं टेबल बनवायची गरज नाही, हे एक्सेलवरून आलेल्या माणसाला पहिल्यांदा खरंच वाटत नाही. तिथे सरासरी वेगळी काढा, स्टँडर्ड एरर वेगळा काढा, मग कस्टम एरर बारमध्ये रेंज सिलेक्ट करत बसा, आणि एक रीडिंग दुरुस्त झालं की बरंचसं पुन्हा तपासा.

आता कटकटी. पहिली म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा ग्राफ. कच्चा डेटा दिला आणि थेट जिओम लाइन, म्हणजे रेषा काढायचं फंक्शन, लावलं की प्रत्येक दिवशीची सगळी रीडिंग्ज उभ्या रेघेत वरखाली जोडली जातात. पोरं म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलं काही नाही, तुम्ही सरासरी मागितलीच नाही ना! त्यासाठी स्टॅट समरी वापरायचं, फंक्शन मीन आणि जिओम लाइन असं सांगून. जुन्या ब्लॉगवरचा कोड कॉपी केला तर तिथे फन डॉट वाय लिहिलेलं असतं, ते 3.3.0 पासून नुसतं फन झालंय, आणि रेषेची जाडी 3.4.0 पासून साइझने नाही तर लाइनविड्थने द्यायची. जुनं अजून चालून जातं पण लाल अक्षरात कुरकुर करतं, घाबरू नका.

दुसरी कटकट याच्या बरोबर उलटी, म्हणजे ठिपके दिसतात, रेषाच नाही. सोबत मेसेज येतो, प्रत्येक ग्रुपमध्ये एकच नोंद आहे, ग्रुप बदलायचाय का, अशा अर्थाचा. याला माझा एक स्टार कमी, कारण नवख्याला त्यातून काडीचाही बोध होत नाही. होतं काय तर एक्सवर दिवस किंवा डोस फॅक्टर म्हणून (म्हणजे आकडा नाही, नुसतं गटाचं नाव म्हणून) टाकला की जीजीप्लॉट२ स्वतःच ठरवतं की प्रत्येक दिवस हा वेगळा ग्रुप, आणि एका ठिपक्याची रेषा कशी होणार? एस्थेटिकमध्ये, म्हणजे कुठला कॉलम ग्राफमध्ये कुठे वापरायचा ते सांगतो तिथे, ग्रुप बरोबर ट्रीटमेंटचं नाव लिहा, एकच रेषा हवी असेल तर ग्रुप बरोबर 1, झालं काम.

तिसरी, ट्रीटमेंटला 1, 2, 3, 4 असे आकडे दिलेले असले की ते त्याला मोजमाप समजतं, लिजेंडमध्ये (कुठला रंग कशाचा ते सांगणाऱ्या चौकटीत) निळ्या रंगाची पट्टी येते आणि चारही ग्रुप मिळून एकच सरासरी रेषा. फॅक्टर करा, चार रेषा येतील. चारच्या पाच आल्या तर शीटमध्ये कुणीतरी एखाद्या ट्रीटमेंटच्या नावापुढे स्पेस मारून ठेवलीय, बहुतेक वेळा. एक्सेलमध्ये ती दिसत नाही, इथे तिची वेगळी रेषा निघते, आणि खरं सांगू, मला हे आवडतं. डेटा एंट्रीतली घाण आधी इथेच वर येते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. वाय अक्षाची मर्यादा. आरमध्येच टूथग्रोथ नावाचा डेटा येतो, 60 गिनीपिग, व्हिटॅमिन सी काहींना संत्र्याच्या रसातून आणि काहींना थेट, रोजचा डोस 0.5, 1 आणि 2 मिलिग्रॅम, आणि मोजलंय दात वाढवणाऱ्या पेशींची लांबी. प्रत्येक गटात 10 प्राणी. 2 मिलिग्रॅमला रसवाल्यांची सरासरी 26.06 आणि थेटवाल्यांची 26.14, म्हणजे जवळजवळ सारखीच, दोन्ही रेषा टोकाला एकमेकींना चिकटतात. आता ग्राफ नीटनेटका दिसावा म्हणून वाय-लिम 0 ते 30 टाकून बघा. रसवाले 25.52 वर आणि थेटवाले 24.38 वर! रेषांमध्ये सरळ फट पडली, वरचा खाली गेला, खालचा वर आला.

का? तर वाय-लिम म्हणजे नुसता झूम नव्हे, 30 च्या वरची रीडिंग्ज ते आधी फेकून देतं आणि उरलेल्यांची सरासरी काढतं. इथे तीन प्राणी उडाले, रसवाल्यांतला एक आणि थेटवाल्यांतले दोन. तीन ओळी काढल्या अशी वॉर्निंग येते, पण वॉर्निंग वाचतो कोण, ग्राफ तर मस्त आला ना! तो थिसिसमध्ये जातो आणि खालच्या टेबलातल्या सरासऱ्या त्याच्याशी जुळत नाहीत, मग व्हायव्हाला एक्स्टर्नल नेमकं तेवढंच पान उघडून बसतात. झूमच हवा असेल तर कोऑर्ड कार्टेशियनच्या आत मर्यादा द्यायची, तिथे डेटाला हात लागत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, मान्य, पण सोपं आणि छोटं नाव धोक्याच्या फंक्शनला आणि लांबलचक नाव सुरक्षित फंक्शनला, हे मला आजपर्यंत पटलेलं नाही.

एक्सच्या अंतराचंही बघा. याच डेटात डोस फॅक्टर केला तर 0.5 ते 1 आणि 1 ते 2 ही अंतरं सारखी दिसतात, आकडाच ठेवला तर दुसरं दुप्पट. चिकवेट नावाच्या दुसऱ्या डेटात कोंबडीच्या पिल्लांची वजनं दर दोन दिवसांनी घेतलीत, पण शेवटचं वजन 20 नंतर थेट 21 व्या दिवशी. फॅक्टर केलं की तो एक दिवस दोन दिवसांएवढा रुंद होतो आणि वाढ शेवटी मंदावल्यासारखी वाटते. वेळ असेल तर आकडाच ठेवा, असं माझं मत. त्याच डेटात पहिल्या आहारावर सुरुवातीला 20 पिल्लं आहेत आणि 21 व्या दिवशी वजनं फक्त 16 ची, म्हणजे रेषेचं शेवटचं टोक कमी पिल्लांचं आहे, ते ग्राफ आपणहून सांगत नाही. प्रत्येक ठिपक्यामागे किती नोंदी ते खाली लिहायला पाहिजे.

मिसिंग व्हॅल्यूचं वागणं दोन तऱ्हेचं आहे. स्टॅट समरी त्या गाळून, वॉर्निंग देऊन पुढे जातं. पण डीप्लायरमध्ये, म्हणजे डेटाचे गट करून हिशेब करणाऱ्या आरच्याच दुसऱ्या पॅकेजमध्ये, ग्रुप बाय आणि समराइज करून सरासरी आधी काढली तर एका जरी रिकाम्या सेलने त्या ग्रुपची त्या दिवसाची सरासरीच गायब, रेषा मधेच तुटते. मीनच्या कंसात एनए डॉट आरएम ट्रू लिहायचं. आणि प्री-पोस्टवाल्यांसाठी, अक्षावर पोस्ट आधी आणि प्री नंतर येतं कारण क्रम एबीसीडीने लागतो, फॅक्टरच्या लेव्हल्स स्वतः द्या.

एरर बारबद्दल एवढंच की स्टॅट समरीला काहीच सांगितलं नाही तर ते सरासरी आणि एक स्टँडर्ड एरर धरतं. स्टँडर्ड डेव्हिएशन नाही, 95 टक्क्यांचा इंटरव्हलही नाही. काय आहे ते कॅप्शनमध्ये लिहा, नाहीतर रिव्ह्यूअर विचारणारच. बार एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थोडं बाजूला सरकवणारं पोझिशन डॉज लावा, पण रेषा, ठिपके आणि बार तिघांनाही सारख्याच मापाचा, नाहीतर बार एकीकडे आणि ठिपका दुसरीकडे.

एकूण पाचापैकी साडेतीन. एसपीएसएस या मेनूवाल्या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये माउसने काम लवकर होतं आणि ज्याला आयुष्यात एकच ग्राफ काढायचाय त्याने खुशाल तिकडे जावं, फक्त रिपीटेड मेझर्सच्या (त्याच माणसांची किंवा प्राण्यांची पुन्हा पुन्हा घेतलेली रीडिंग्ज) मेनूतून येणारा प्रोफाइल प्लॉट मॉडेलने काढलेल्या सरासऱ्यांचा असतो, कच्च्या नाही, एवढं ध्यानात ठेवा. दर हंगामाला तेच ग्राफ नव्या डेटावर काढायचे असतील तर जीजीप्लॉट२ ला तोड नाही.

आणि मराठीत लेबलं टाकणाऱ्यांसाठी, नेहमीच्या पीडीएफमध्ये देवनागरीची वाट लागते, अक्षरांच्या जागी ठिपके नाहीतर चौकोन येतात. रॅग पॅकेज टाकून पीएनजी काढा, 300 डीपीआय, फॉन्ट देवनागरीचा द्या, जोडाक्षरं नीट येतात. पीडीएफच लागत असेल तर कैरो पीडीएफ डिव्हाइस वापरून बघा.