बर्न्सची गाणी: जॉन्सनकडून ऐकावीत की थॉमसनकडून?

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या गाण्यांकडे वळलात की लगेच दोन वाटा फुटतात, दोन छापील गीतसंग्रहांच्या. एक जेम्स जॉन्सनच्या ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ची, दुसरी जॉर्ज थॉमसनच्या ‘सिलेक्ट कलेक्शन’ची. दोघेही एडिंबराचे. बर्न्सने दोघांनाही मोबदला न ठरवता गाणी दिली, पण ती ऐकायला फार वेगळी लागतात.

आधी बर्न्स लिहायचा कसा ते पाहा. एअरशरच्या शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः नांगर धरलेला. जुनी चाल, बऱ्याचदा फिडलवरची (म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनवरची) नाचाची, तो गुणगुणत राही. ती अंगात मुरली की मगच शब्द. थॉमसनला त्याने हे पत्रातून कळवलंही होतं. म्हणून माझी कसोटी एकच आहे: चाल कोणी राखली?

जॉन्सन पेशाने कोरीवकाम करणारा. 1787 ते 1803 या काळात त्याने सहा खंडांत 600 गाणी छापली. त्यातली सुमारे एक तृतीयांश बर्न्सने रचलेली, डागडुजी केलेली किंवा गोळा केलेली. ऑर्गनवादक स्टीफन क्लार्कने चालीखाली खर्जाची साधी ओळ तेवढी दिली. त्यामुळे स्कॉटिश चालींतला तो खास झटका, आधी आखूड सूर आणि लगेच लांब, गळ्यातून मोकळा निघतो. ‘ए फाँड किस’ असंच ऐकावं: एक गळा, फार तर एक फिडल.

थॉमसनच्या डोळ्यांपुढे दिवाणखाना होता. 1793 पासून त्याने प्लेयेल, कोझेलुख, हायडन आणि पुढे बेथोव्हन या युरोपीय संगीतकारांकडून साथ लिहून घेतली: पियानो, व्हायोलिन, चेलो. हायडनची कारागिरी खरंच देखणी आहे. पण थॉमसन शब्दांत आणि चालींत हात घालायचा. ‘स्कॉट्स व्हा हे’ हे रणगीत बर्न्सने ‘हे टुटी टेटी’ या चालीवर बांधलं होतं. थॉमसनने दुसरी चाल धरली आणि तिच्यासाठी कडव्यांच्या शेवटच्या ओळी लांबवायला लावल्या. गाण्याचा जोर गेला. पुढे त्यालाच मूळ चालीकडे परतावं लागलं.

‘ऑल्ड लँग साइन’ या निरोपाच्या गाण्याचं श्रेय मात्र थॉमसनला द्यायलाच हवं. जॉन्सनच्या 1796 च्या खंडात त्याची चाल वेगळी आहे. आज जगभर वाजते ती थॉमसनने 1799 मध्ये छापली. खडकवासल्याला एनडीएच्या दीक्षान्त संचलनात बँड वाजवतो तीच. सा रे ग प ध, एवढ्याच सुरांची. भूप ऐकलेल्या कानाला ती चटकन जवळची वाटते.

घरात पियानो, व्हायोलिन, चेलो वाजवणारी मंडळी असतील तर थॉमसनच्या संग्रहातला हायडन घ्या. एकट्याने गायचं असेल तर निःशंक जॉन्सन. नुसतं ऐकायचं असेल, तर लिन या रेकॉर्ड कंपनीची बर्न्सच्या गाण्यांची 12 भागांची संपूर्ण मालिका आहे. सुरुवात ‘जॉन अँडरसन, माय जो’पासून करा. दोनच कडवी आहेत: टेकडी जोडीने चढलेलं म्हातारं जोडपं आता हातात हात घालून उतरतंय.