स्टॉकहोममध्ये फॉरेक्स कार्ड: एका निवृत्त कॅशियरचा अभिप्राय

निकाल आधीच सांगून टाकतो. स्वीडनला निघालेल्यांनी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकी चलन भरून ठेवायचं बँकेचं कार्ड, जरूर घ्यावं. मात्र त्यात स्वीडिश क्रोनाचं (अनेक झाले की क्रोनर) वॉलेट, म्हणजे त्या चलनाचा वेगळा कप्पा, हवं, आणि कार्ड घरटी एक नाही, माणशी एक हवं. पाचपैकी साडेतीन गुण. दीड का कापला ते पुढे येईलच.

मी सांगलीच्या एका सहकारी बँकेत कॅशियर होतो. नोकरी सगळी काउंटरच्या जाळीमागे गेली. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय अजून अंगात आहे. लेक-जावई स्टॉकहोममध्ये किस्ता भागात असतात. एरिक्सनचं मुख्यालय तिथेच. थोडक्यात, तिथलं हिंजवडी. आम्ही दोघं त्यांच्याकडे उन्हाळ्यात राहून आलो. कार्ड कुठल्या बँकेचं ते लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. आणि अशी कार्डं आपल्याकडच्या बऱ्याच बँका देतात.

आधी रोख रकमेचं. नियमाने एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंत परकी चलन नोटांत नेता येतं, पण स्वीडनमध्ये ते वापरणार कुठे? बसमध्ये रोख घेत नाहीत. वासा संग्रहालयात घेत नाहीत. (1628 साली पहिल्याच फेरीत बुडालेलं आणि 1961 साली वर काढलेलं अख्खं लाकडी जहाज आहे तिथे. बाकी काही नाही बघितलं तरी चालेल, ते बघाच.) अब्बा या त्यांच्या गाणाऱ्या पॉप गटाचं संग्रहालय तर 2013 साली उघडलं तेच रोकडीशिवाय. कॅफेच्या दारावर ‘रोख स्वीकारत नाही’ अशी पाटी सर्रास दिसते, आणि तिथल्या कायद्यात ती बसते. मोठ्या किराणा दुकानांत अजून नोटा चालतात, एवढाच काय तो दिलासा. युरोपातली पहिली कागदी नोट 1661 साली याच शहरात निघाली, हे लेकीला मीच सांगितलं. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

आमच्या शेजाऱ्यांनी निघताना मोठ्या प्रेमाने दोन नोटा दिल्या होत्या, त्यांच्या जुन्या सहलीतून उरलेल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचं चित्र असलेल्या शंभराच्या. त्या 30 जून 2017 नंतर बाद झाल्यात. आताच्या शंभरावर ग्रेटा गार्बो आहे, विसावर अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन. जुन्या नोटा रिक्सबँकेकडे, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेकडे, अर्ज करून शुल्क भरून बदलता येतात, पण दोन नोटांसाठी कोण एवढा खटाटोप करणार? तुम्हालाही कुणी असा प्रेमाचा आहेर दिला, तर आधी चित्र बघा.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे सहलीत पाकीट एकाकडेच असतं. ‘वीस रुपये दे’ म्हटलं की काढून द्यायचे, चहा येतो, पाणी येतं. स्वीडनमध्ये हे जमत नाही. स्टेशनातल्या स्वच्छतागृहाच्या दारालाच कार्डाचं यंत्र असतं. कार्ड टेकवलं की दहा-वीस क्रोनर जातात आणि दार उघडतं. मी फलाटावर, ही वरच्या मजल्यावर, आणि कार्ड माझ्या खिशात, अशी वेळ येऊ नये म्हणून लेकीने आधीच बजावलं होतं, ‘बाबा, आईच्या नावाचं वेगळं कार्ड काढा.’ त्यासाठी हिचं पॅन लागलं, हिचा वेगळा अर्ज लागला. माझ्या मते फॉरेक्स कार्डाची खरी कमाई हीच. हिने आयुष्यात पहिल्यांदा मला न विचारता एकटीने जाऊन कॉफी आणि दालचिनीचा बन घेतला, आणि खर्चाचा संदेश माझ्या नव्हे, हिच्या फोनवर आला.

बस आणि मेट्रोलाही हेच लागू. स्टॉकहोमच्या वाहतुकीला एसएल म्हणतात. फाटकावर बँकेचं कोणतंही टॅप होणारं कार्ड टेकवलं की एकेरी तिकीट फाटतं. 2025 साली ते 43 क्रोनर होतं, 75 मिनिटं चालतं, त्यात मेट्रो, बस, ट्राम बदलत राहा. पण एका कार्डावर एकच माणूस जातो. दुसऱ्यासाठी तेच कार्ड पुन्हा टेकवून उपयोग नाही. आणि टॅप केलं की पूर्ण भाडं लागतं, ज्येष्ठांची सवलत मिळत नाही. पासष्टी ओलांडलेल्यांना तिथे तिकीट जवळपास चाळीस टक्के स्वस्त आहे, परदेशी पाहुण्यांनासुद्धा. ते घ्यायचं तर एसएलचं अ‍ॅप वापरा, आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. रोज फिरणार असाल तर सात दिवसांचा पास काढा, सुटी तिकिटं महाग पडतात. एसएलच्या सेवेला मी पाचपैकी पाच देतो. वेळेवर येते आणि तिकिटाची भानगड अर्ध्या सेकंदात मिटते.

अ‍ॅपमध्ये कार्ड घालताना आपल्या बँकेचा ओटीपी मागतात. म्हणून भारतातलं सिम बंद करून जाऊ नका. रोमिंग चालू ठेवा, डेटा बंद ठेवला तरी चालेल. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार चालू आहेत का तेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नव्या कार्डांवर हे आपण सुरू केल्याशिवाय होत नाहीत. पिन पाठ हवा. 400 क्रोनरच्या वर तिथलं यंत्र पिन मागतंच, आणि त्याखालीही मधूनच मागतं. आपलं यूपीआय तिथे नाही. त्यांचं स्विश म्हणून आहे, 2012 पासूनचं, पण त्याला तिथला व्यक्तिक्रमांक (आपल्या आधारसारखा) आणि तिथलं बँकखातं लागतं. चर्चच्या आवारातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात फक्त स्विश घेत होते. हिला आवडलेली पितळी समई (तिथले लोक मेणबत्तीदाण म्हणत असतील) लेकीच्या फोनवरून आली. लेक नसती तर ती तिथेच राहिली असती.

आता हिशेब. क्रोनाला मी नऊ रुपये धरत होतो, तुम्ही निघाल त्या दिवशीचा भाव बघा. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के परकीय चलनाचा अधिभार असेल तर त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून तो 4.13 टक्के होतो, लाखाला 4,130 रुपये. फॉरेक्स कार्डात लाखभर रुपयांचे क्रोनर भरताना चलनबदलावरचा जीएसटी 180 रुपये. शिवाय बँक भावात स्वतःचा गाळा ठेवते, तो कुठे लिहिलेला नसतो. गुगलवरचा भाव आणि बँकेचा भाव शेजारी शेजारी मांडून मगच भरा. अधिभार नसलेलं क्रेडिट कार्ड तुमच्याकडे असेल तर फॉरेक्स कार्डाचा फायदा फार उरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. क्रोना वॉलेट नसेल आणि डॉलर किंवा युरो भरून गेलात तर दर खरेदीला पुन्हा चलनबदलाचा आकार बसतो. मग कार्ड घेऊन काय मिळवलं?

यंत्राच्या पडद्यावर मात्र नीट लक्ष ठेवा. गामला स्तान या जुन्या पेठेत एका ठिकाणी आमचं बिल 260 क्रोनर झालं. कार्ड घातल्यावर पडद्यावर दोन चौकोन आले: एकात 260 क्रोनर, दुसऱ्यात 2,457 रुपये. रुपये बघून बरं वाटतं, ओळखीचा आकडा दिसतो. पण माझ्या नऊच्या हिशेबाने ते 2,340 व्हायला हवेत, म्हणजे 117 रुपये नुसते बोट चुकीच्या चौकोनावर ठेवल्याचे. त्यात आपल्या कार्डात क्रोनरच भरलेले, म्हणजे क्रोनाचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा क्रोनर. नेहमी क्रोनाचा चौकोन दाबायचा. वेटरने हसून यंत्र पुढे केलं तरी घाई करायची नाही.

कार्डाने हातातून पैसा जाताना दिसत नाही, ही माझी सगळ्यात मोठी धास्ती होती. त्यावर उपाय केला तो असा: सगळी रक्कम एकदम भरली नाही. आठवड्याला दोघांचे मिळून चार हजार क्रोनर, लेकीकडे राहणं-जेवण असल्यामुळे पुरत होते. वॉलेट रिकामं होत आलं की घरी पोहे. दुपारचं जेवण बाहेर करायचं तर सोमवार ते शुक्रवार ‘दागेन्स लुंच’ घ्या. सव्वाशे-दीडशे क्रोनरमध्ये मुख्य पदार्थ, सॅलड, ब्रेड आणि बहुधा कॉफीही. तेच संध्याकाळी खायला गेलात तर जवळजवळ दुप्पट. शाकाहारी पर्याय असतो, पण विचारून घ्या. पाणी नळाचं प्या, फुकट आणि उत्तम. विमानतळावरून शहरात यायला वेगवान गाडी वीस मिनिटांत आणते, पण माणशी तीनशेच्या वर क्रोनर घेते. 583 क्रमांकाची बस धरून मेर्स्टाला या आणि तिथून लोकल घ्या, एसएलचं साधं तिकीट चालतं. विमानतळाच्या पोटातल्या स्टेशनातून थेट लोकल धरली तर स्टेशनचं वेगळं शुल्क पडतं, तेही शंभराच्या वर.

आता कापलेले दीड गुण. अर्धा गुण शनिवारचा. कार्डात शुक्रवारी रात्री पैसे भरायला घेतले, ते सोमवारी जमा झाले, कारण सुट्टीत बँकेचा चलनविभाग बंद. इतकी वर्षं बँकेत काढूनही मला राग आला. दुसरा अर्धा हॉटेलच्या अनामतीचा. गोथेनबर्गला एक रात्र राहिलो, हॉटेलने बिलाशिवाय हजार क्रोनर अडवून ठेवले. सोडले म्हणतात, पण वॉलेटमध्ये परत दिसेपर्यंत आठवडा गेला. तो आठवडा आमच्या बजेटचा चौथा हिस्सा अडकलेला. हॉटेल आणि भाड्याची गाडी यांच्यासाठी क्रेडिट कार्डच पुढे करा. उरलेला अर्धा परतीचा. शिल्लक क्रोनर रुपयांत फिरवताना बँकेने जो भाव लावला तो भरतानाच्या भावाशी ताडून बघितला, तर दोन्हीकडून कात्री. म्हणून शेवटच्या आठवड्यात नवीन भरणा करू नका. कमी पडलं तर क्रेडिट कार्ड, आणि उरलं तर विमानतळावर चॉकलेटं.

दोन कार्डं वेगवेगळ्या जाळ्यांची ठेवा, एक व्हिसा, एक मास्टरकार्ड, आणि एकाच पाकिटात ठेवू नका. थोडी रोकडही असू द्या, पाचशे क्रोनर पुरेत. स्वीडनच्या सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये घरोघरी जी आणीबाणीची पुस्तिका पाठवली तिच्यात नागरिकांनाही थोडी रोख घरात ठेवायला सांगितलंय. आमच्याकडची पाचशेची नोट शेवटच्या दिवशी किराणा दुकानात मोडली. गल्ल्यावरच्या पोराने ती उजेडात धरून दोनदा उलटसुलट केली आणि आतून कुणाला तरी बोलावलं.